पाणथळीत उतरण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पक्षीगणनेला, पाण्याचे नमुने घ्यायला किंवा नुसतं सोबत म्हणून येणाऱ्या नव्या मंडळींकडून दर हंगामात जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो त्यांचेच ठेवलेत, एकसारखे होते ते एकात घातलेत. निम्म्याहून जास्त जण मगर, साप आणि माणसाला गिळणारी दलदल यांबद्दल विचारतात. पायावरची चीर, ओले मोजे आणि भरतीची वेळ यांबद्दल जवळजवळ कुणी विचारत नाही. माझे स्वतःचे आजवरचे सगळे खराब दिवस याच तिघांपायी गेले, म्हणून उत्तरांत ते जागोजागी घुसडलंय.

१. पाणथळ म्हणजे तळंच ना?

तळं हा त्यातला एक प्रकार. इराणमधल्या रामसर इथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या कराराची व्याख्या चांगली ऐसपैस आहे. दलदल आली, पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची, जमीन आली. पाणी नैसर्गिक असो की माणसाने अडवलेलं, बारमाही असो की हंगामी, साचलेलं असो की वाहतं, गोडं, मचूळ किंवा खारं, सगळं चालतं. समुद्राच्या बाजूला ओहोटीच्या वेळी ६ मीटरपेक्षा खोल नसलेला भागही त्यात धरतात. म्हणजे भातखाचर, मिठागर, खाजण, धरणाचा फुगवटा हे सगळं पाणथळच. कामाला उतरणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की या प्रत्येकाचा चिखल वेगळा असतो आणि एका ठिकाणची सवय दुसऱ्या ठिकाणी दगा देते.

२. आम्हाला दिलेल्या जागेवर पाण्याचा थेंब नव्हता. ती पाणथळ आहे हे कशावरून ठरवायचं?

मातीवरून. हातभर खोल खड्डा घ्या आणि कडेची माती निरखा. जी माती वर्षातला बराच काळ पाण्याखाली कोंडलेली असते तिच्यात हवा पोचत नाही. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी लोहाच्या संयुगांवर भागवतात, त्यामुळे मातीचा तांबूसपणा उतरून ती करडी, कधी निळसर होते. त्या करड्या मातीत बारीक तांबडे दोरे दिसले तर अजून जवळ जा. प्रत्येक दोऱ्याच्या आत एक मूळ असतं किंवा मुळाची रिकामी वाट असते. पाणवनस्पती पोकळ देठातून खाली हवा नेतात, त्यातली थोडी मुळातून झिरपते आणि तेवढ्याच जागी लोहाला गंज चढतो. खड्ड्यातून सडक्या अंड्याचा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे शंकाच मिटली.

डबक्यावर तेलासारखा रंगीत तवंग दिसला की नवे लोक लगेच 'प्रदूषण' असं लिहून मोकळे होतात. आधी काडी घालून पाहा. तवंग पातळ काचेसारखा तुकडे होऊन फुटला आणि तुकडे तसेच राहिले, तर ती लोहजिवाणूंची करणी. काडीमागे लगेच पुन्हा जुळला, तर तेल.

३. मला पोहता येत नाही. येऊ का?

या. बरंचसं काम पोटरीभर पाण्यात किंवा काठावरच असतं. पोहता न येणाऱ्याला आम्ही गुडघ्याच्या वर पाण्यात पाठवत नाही. होडीत मात्र लाइफ जॅकेट सगळ्यांना, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही. जाकीट 'जवळ ठेवलंय' याला अर्थ नाही, ते अंगात हवं.

४. गमबूट घालू की ते छातीपर्यंतचे रबरी वेडर्स?

घोटाभर पाणी आणि खाली घट्ट तळ असेल तर गमबूट उत्तम. पाणी त्याच्या काठावरून आत आलं की तोच बूट बादली होतो, आणि चिखल तर त्याला पायातून काढूनच घेतो. उबदार हवेत माझी पसंती जुन्या कापडी बुटांना, घट्ट बांधलेल्या नाड्या, जाड मोजे आणि लवकर सुकणारी पँट. भिजायचंच आहे हे एकदा मान्य केलं की निम्मी कटकट संपते. अनवाणी मात्र कधीही नाही. चिखलात शिंपल्यांच्या धारा असतात, गळ असतात, बाटल्यांच्या काचा असतात आणि बोरूची तिरकी कापलेली खुंटं असतात. तळपायाची ती चीर तेवढ्यावर भागत नाही (प्रश्न १२ पाहा).

थंड पाण्यात वेडर्सला पर्याय नाही. ते घातले तर कमरेचा पट्टा बाहेरून घट्ट आवळा. पडलात तर आत कोंडलेली हवा पाय वर उचलते आणि पाणी एकदम भरत नाही. 'वेडर्समध्ये पाणी भरलं की माणूस सरळ तळाला जातो' हे ऐकीव आहे. पाण्यात पाण्याचं ओझं होत नाही. ओझं होतं ते बाहेर निघताना, दोन्ही पायांत भरलेल्या बादल्या घेऊन निसरडा काठ चढताना.

बूट कुठलेही असोत, दुपारी एकदा काढा, पाय पुसा, अर्धा तास उघडे ठेवा आणि कोरडे मोजे चढवा. दिवसभर ओल्यात राहिलेली कातडी पांढरी, सुरकुतलेली आणि बधिर होते आणि दुसऱ्या दिवशी सोलवटते. सलग चार दिवस काम असेल तर चौथ्या दिवशी कोण चालू शकतं हे मोज्यांवर ठरतं.

५. दलदल माणसाला गिळते हे खरं का? पाय रुतला तर काय करायचं?

डोक्यापर्यंत गिळत नाही, पण धरून ठेवते. ॲम्स्टरडॅमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी २००५ साली रुतणाऱ्या वाळूवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्या वाळूची घनता माणसाच्या साधारण दुप्पट भरली, त्यामुळे माणूस कमरेच्या आसपास येऊन थांबतो. पण रुतलेला पाय सेकंदाला एक सेंटीमीटर एवढ्याच वेगाने सरळ ओढायचा म्हटलं तरी मध्यम आकाराची मोटार उचलण्याइतकी ताकद लागते. याचा अर्थ सरळ आहे: हिसका मारू नका. हिसक्याने पायाखाली पोकळी होते आणि चिखल अजून घट्ट बसतो.

थांबा. पाठीवरची पिशवी उतरवून बाजूला टाका. मागे रेलून बसा, वाटलं तर चक्क आडवे व्हा. म्हणजे वजन पसरतं. मग एकच पाय गोल गोल, बारीक बारीक हलवा, म्हणजे पोटरीच्या कडेने पाणी खाली उतरतं. टाच आधी, मग चवडा. एक पाय सुटला की तो आडवा ठेवून दुसरा. पंधरा-वीस मिनिटं लागली तरी चालतील. सोबत्याने जवळ येऊन हात देऊ नये, नाहीतर दोघं रुततात. काठी किंवा फळी सरकवावी.

माझा पहिला हंगाम होता तेव्हा मी हिसका मारला होता. बूट आत, पाय मोज्यासकट बाहेर. पाय खाली टेकवायला जागा नाही, म्हणून बगळ्यासारखा एका पायावर उभा, आणि समोर खरा बगळा निवांतपणे माझ्याकडे पाहतोय. तो बूट अजून तिथेच असणार.

हा घनतेचा हिशेब पातळ राडीला लावू नका. वर पाणी आणि खाली खीर असेल तिथे माणूस पाण्यातच बुडतो. म्हणून प्रत्येक पावलाआधी काठी टोचून पाहायची. काठी आपल्या वजनाने खाली गेली की मागे फिरायचं.

६. खाडीच्या चिखलात उतरताना वेगळं काय पाहायचं?

घड्याळ. तिथे माणूस चिखलाने मरत नाही, चिखलाने धरून ठेवलेला असताना आलेल्या पाण्याने मरतो. इंग्लंडच्या मोरकॅम्बे उपसागरात ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपले वेचणारे किमान २१ मजूर भरतीत अडकून दगावले. सपाट चिखलपट्टीवर पाणी समोरून एका रेषेत येत नाही. ते आधी तुमच्या मागच्या नाळांत, म्हणजे चिखलातल्या खोलगट वाटांत, शिरतं आणि किनाऱ्याकडची वाट तोडतं. तुम्ही उभे असता ती जागा अजून कोरडीच असते, म्हणून कळत नाही.

ओहोटीचा तळ गाठण्याआधी आत जा आणि तळ लागताच परतायला लागा. 'एवढा एकच थवा मोजतो' हे वाक्य तिथे बंद. मोजायचे पक्षी तसेही भरतीबरोबर किनाऱ्याकडे सरकतात. काठावर बसलात तर तेच तुमच्याकडे येतील.

७. जळू लागली तर मीठ टाकायचं की काडीने चटका द्यायचा?

दोन्ही नको. मीठ, चटका, तंबाखू यांनी जळू सुटते हे खरं, पण सुटताना पोटातलं थोडं जखमेत ओकू शकते. तिच्या आतड्यातले जिवाणू मग तुमच्या रक्तात. त्यापेक्षा नख वापरा. जळूला दोन्ही टोकांना चूषक असतात, निमुळतं टोक तोंडाचं. त्याच्या कडेला कातडीला लागून नख सरकवा, चूषक सुटला की लगेच जाड टोकाचंही तसंच करा आणि टिचकीने लांब उडवा. दोन टोकांमध्ये घोळ झाला तर ती तुमच्या नखालाच चिकटते. पहिल्यांदा सगळ्यांचं होतं.

काहीच केलं नाही तरी ती पोट भरल्यावर आपोआप गळून पडते. साधारण वीस मिनिटं ते तासभर. दुखत नाही. नंतर रक्त मात्र तासन्‌तास वाहतं, कारण तिच्या लाळेतलं हिरुडिन रक्त गोठू देत नाही. मोजा लाल झालेला पाहून घाबरू नका. साबणाने धुवा, कापड दाबून बांधा. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी मात्र आधीच सांगून ठेवावं.

एक अपवाद लक्षात ठेवा. ओढ्याचं पाणी तोंड लावून प्यायल्यावर काही दिवसांनी एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल आणि आत काहीतरी हलल्यासारखं वाटत असेल, तर ते खरंच हलत असू शकतं. आशियात नाकात शिरून राहणाऱ्या जळवा आहेत. तिथे नखं चालवू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

८. डासांसाठी कुठलं मलम चांगलं?

डीट किंवा पिकारिडिन असलेलं. पण सैल, फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे आधी, मलम नंतर. डीट प्लॅस्टिक विरघळवतं. मलमाच्या हाताने दुर्बीण धरलेल्यांच्या दुर्बिणीवर बोटांचे ठसे कायमचे उमटलेत. बेडूक हाताळायचे असतील किंवा पाण्याचा नमुना घ्यायचा असेल त्या दिवशी तळहात कोरडे ठेवा.

९. मगरी असलेल्या पाण्यात उतरायचं असेल तर काय खबरदारी घ्यायची?

न उतरण्याची.

नमुना हवाच असेल तर लांब बांबूला बाटली बांधून, काठापासून मागे उभं राहून घ्या. मगर पाठलागावर जगत नाही, दबा धरून जगते. कुठला प्राणी कुठल्या दगडावर किती वाजता पाणी प्यायला येतो हे ती पाहून ठेवते. आपण शास्त्रीय शिस्तीने रोज सकाळी सात वाजता त्याच दगडावर उकिडवे बसतो, म्हणजे तिला हवं तेच करतो. जागा बदला, वेळ बदला, हात-पाय धुवायला काठावर वाकू नका. काठाच्या चिखलात पोट घासल्याची गुळगुळीत घसरण, दोन्ही अंगांना नखांचे ठसे आणि मधून शेपटीची रेघ दिसली, तर तो तिचा रोजचा जिना आहे. तिथे थांबू नका.

जबडा वासून उन्हात पडलेली मगर रागावलेली नसते, डोक्यातली उष्णता घालवत असते. आफ्रिकेत काम करणाऱ्यांनी हे पाणघोड्याला लावू नये. त्याची ती ऐसपैस जांभई म्हणजे धमकी. पाणघोडा रात्री चरायला जमिनीवर येतो आणि घाबरला की पाण्याकडे धावतो. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये उभं राहणं ही सगळ्यात वाईट जागा.

१०. पाण्यात पोहणारे साप विषारी असतात का?

बरेचसे नसतात. दिवड बिनविषारी आहे. पण ती तापट आहे, डोकं उचलून उभी राहते आणि चावतेही पटकन. अडचण अशी की पाणी सगळ्यांचं आहे. नागही उत्तम पोहतो, आणि अमेरिकेच्या दलदलींतला कॉटनमाउथ तर पाण्यातलाच विषारी साप. घाईत, अर्धा पाण्यात असलेला साप ओळखता येतो असं म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. म्हणून नियम एकच: हात दिसत नाही तिथे घालायचा नाही. जाळी उचलताना, जलपर्णी बाजूला करताना, होडीखाली चाचपताना आधी काठी. माशांच्या सापळ्यात अडकलेला साप सोडवायला जाणारे हमखास चावून घेतात.

चावलाच, तर बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करू नका. अंगठी, घड्याळ, घट्ट बूट काढा, तो अवयव हलू देऊ नका आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात थेट जा. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. त्या खटाटोपात दुसरा माणूस चावला जातो.

११. एक पक्षी डोक्यावर सारखा झेपावत होता. आम्ही काय चुकलो?

तुम्ही त्याच्या अंड्यांजवळ होता. टिटव्या, सुरय, शेकाटे उघड्या जमिनीवर अंडी घालतात. घरटं म्हणायचं तर चार खडे आणि एक खळगा. अंडी इतकी मातीच्या रंगाची की पाय पडला तरी कळू नये. आरडाओरडा वाढत असेल तर तुम्ही जवळ जाताय, कमी होत असेल तर लांब. हा तुम्हाला मिळालेला फुकटचा नकाशा आहे, तो वाचा आणि आल्या पावली मागे फिरा. एखादा चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत पुढे जाताना दिसला तर त्याच्यामागे जायला हरकत नाही, तो तुम्हाला अंड्यांपासून लांबच नेतोय. बरा झाल्यासारखा उडाला की समजा, त्याचं काम झालं.

फोटोसाठी थांबू नका. पक्षी उठला की अंडी उन्हात भाजायला लागतात. एकदा लांबून दुर्बिणीतून टिटवी पाहत होतो. ती पाण्यात गेली, पोट बुडेपर्यंत बसली, दोनदा डुलली आणि ओल्या पिसांनी धावत येऊन अंड्यांवर बसली. दर थोड्या वेळाने हेच. भर दुपारी तेवढाच गारवा. आपण तिथे पाच मिनिटं उभे राहिलो तर तिची एक फेरी चुकते.

१२. पाणथळीतून आल्यावर आठवड्याभराने ताप आला. संबंध असेल का?

असू शकतो, आणि डॉक्टरांना ते तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही. लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू उंदीर-घुशी आणि गुरांच्या लघवीतून पाण्यात, चिखलात येतात आणि कातडीवरच्या चिरेतून, डोळ्यातून, तोंडातून शरीरात शिरतात. लक्षणं बहुधा ५ ते १४ दिवसांनी दिसतात, कधी महिनाभरानेही. एकदम चढलेला ताप, डोकं ठणकणं, लाल डोळे आणि विशेषतः पोटऱ्या दुखणं. 'चिखलात चाललो म्हणून पाय दुखत असतील' इथेच गफलत होते. वेळेवर प्रतिजैविकं मिळाली तर बरा होणारा आजार आहे, अंगावर काढला तर मूत्रपिंड आणि यकृतापर्यंत जातो. डासांमुळे येणारे तापही याच सुमारास डोकं वर काढतात, त्यामुळे घरगुती निदान नको.

उतरण्याआधी प्रत्येक चीर जलरोधक पट्टीने झाका. पायाला ताजी, खोल जखम असेल तर त्या दिवशी काठावर बसून नोंदी घ्या. आधीच गोळी घ्यायची का, हे डॉक्टर ठरवतील.

१३. अंगावर बारीक पुरळ उठून प्रचंड खाज सुटली. पाणी विषारी होतं का?

बहुधा नाही. गोगलगायींतून बाहेर पडणारी एका परजीवीची पिल्लं पाणपक्ष्यांच्या शोधात असतात आणि चुकून आपल्या कातडीत घुसतात. माणसात ती जगत नाहीत, तिथेच मरतात आणि खाज मागे ठेवतात. काही दिवसांत जाते. पाण्यातून बाहेर येताच टॉवेलने खसाखसा पुसलं तर बराच बचाव होतो. आफ्रिकेसारख्या ठिकाणी मात्र याच कुळातला माणसात टिकणारा परजीवी आहे, त्यामुळे तिथे नुसत्या खाजेवर थांबू नका, तपासणी करून घ्या.

पाणी हिरव्या रंगाचा डबा ओतल्यासारखं झालं असेल तर गोष्ट वेगळी. ती नील-हरित जिवाणूंची वाढ असू शकते आणि त्यातल्या काही जाती विष तयार करतात. हातमोजे घालून नमुना घ्या, कुत्र्याला ते पाणी पिऊ देऊ नका.

१४. खरं सांगा, सगळ्यात जास्त त्रास कुठल्या प्राण्याचा होतो?

भटक्या कुत्र्यांचा. त्याखालोखाल चिखलात लोळणाऱ्या म्हशीचा, तीही सोबत रेडकू असेल तर. कुत्र्याने चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. काम उद्या करा.

१५. मेलेले पक्षी दिसले. उचलून आणायचे का?

हात लावू नका. एखाददुसरा असेल तर जात, जागा, वेळ लिहा. पाच-दहा असतील तर तिथेच थांबून संबंधित वन आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. बर्ड फ्लू असेल तर तुमचे बूटच तो पुढच्या तळ्यावर नेतील (प्रश्न १९ पाहा). जिवंत, पण मान टाकलेली बदकं दिसली तर बॉट्युलिझमची, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या बाधेची, शंका घेतात. उष्ण दिवसांत, पाणी उतरलेल्या कुजक्या तळ्यात हे होतं. मेलेल्या पक्ष्यांवरच्या अळ्यांत ते विष साठतं, त्या अळ्या खाऊन पुढचे पक्षी मरतात.

१६. एकाच तळ्यावर, एकाच दिवशी दोन गटांचे आकडे इतके वेगळे कसे?

वेळ विचारा. शेवाळाने भरलेल्या तळ्यात पहाटे विरघळलेला ऑक्सिजन अगदी कमी झालेला असतो, मासे पृष्ठभागावर तोंडं उघडून हवा घेत असतात. त्याच तळ्यात दुपारी तीनला ऑक्सिजन इतका असतो की पाणी जणू फसफसतं. दोन्ही आकडे बरोबर, वेळ न लिहिणारा चूक. दुसरं कारण पाय. तुम्ही उभे राहिलात तिथला गाळ ढवळला आणि त्याच ढगात बाटली बुडवली. वाहत्या पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून, आपल्या पुढचं पाणी घ्यायचं. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची.

पक्ष्यांच्या मोजणीत फरक पडतो तो भोवत्या या शिकारी पक्ष्यामुळे. तो एकदा वरून गेला की आठशे बदकं उडतात, फिरतात आणि दुसऱ्या टोकाला बसतात, जिथे दुसरा गट नुकताच मोजायला लागलेला असतो. नोंदीत 'भोवत्या, ८:१०' एवढं लिहिलं तर नंतर उलगडा होतो. आणि कृपा करून पेन्सिलने लिहा. पेनची शाई एका थेंबात निळं तळं होते. पेन्सिलला दोरी बांधा, दुसरी टोपीत खोचा.

१७. उंच गवतात वाट चुकलो तर?

पाणकणीस आणि बोरू डोक्यावर गेले की पन्नास पावलांत दिशा जाते. चकवा लागल्यासारखं माणूस फिरून स्वतःच्याच ठशांवर येतो. यात भुताटकी नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, सूर्य दिसत नसताना जंगलात सरळ चालायला सांगितलेली माणसं नकळत गोल फिरली. आत शिरण्याआधी मोबाइलवर मार्गाची नोंद सुरू करा, शिट्टी गळ्यात ठेवा, काठावरच्या माणसाला परतायची वेळ सांगा. चुकलात तर धावू नका, ठरल्याप्रमाणे तीन शिट्ट्या. गवतात समोरून खसफस आली आणि ती थांबत नसेल तर रानडुक्कर असू शकतं. बोलत, आवाज करत मागे सरका.

पायाखालची जमीन गादीसारखी हलत असेल तर ती जमीन नाही. मणिपूरच्या लोकताक सरोवरात वनस्पतींच्या जाड तरंगत्या थरांना फुमडी म्हणतात. अशा थरावर चालता येतं, पण त्याच्या कडा आणि भोकं फसवी असतात.

१८. दिवसभर पाण्यात असताना लघवीचं काय? आणि पाळीच्या दिवसांत यावं का?

हा प्रश्न नेहमी खासगीत येतो, म्हणून उत्तर उघडपणे देतो. पाणी कमी पिणं हा उपाय नाही. उन्हात उभं राहून तेच केलं की दुपारी चक्कर येते. दर दोन तासांनी काठावर यायची वेळ गटाने आधीच ठरवावी, म्हणजे कुणालाही तोंड उघडून मागावं लागत नाही. वेडर्समध्ये पट्टे सोडायला वेळ लागतो, तो धरून निघा. पाळीत येऊ नये असा काही नियम नाही. पॅड भिजून फुगतो ही खरी अडचण, त्यामुळे बहुतेक जणी कप वापरतात किंवा त्या दिवशी काठावरचं काम मागून घेतात. मागितलेलं काम कारण न विचारता द्यायचं, एवढंच गटप्रमुखाने करावं.

१९. पुन्हा चिखलातच जायचंय, मग दर वेळी बूट कशाला धुवायचे?

कारण पुढचा चिखल वेगळा आहे. बेडकांच्या कातडीला लागणारी कायट्रिड बुरशी, शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं, जलपर्णीचा एखादा तुकडा, हे सगळं ओल्या तळव्यातून आणि जाळीतून प्रवास करतं. आधी ब्रशने चिखल पूर्ण काढा, कारण चिखलावर जंतुनाशक चालत नाही. मग जंतुनाशक, मग खडखडीत वाळवण. एका दिवसात दोन तळी करायची असतील तर बुटांचे दोन जोड आणा.

२०. सहा तास बसलो, काही विशेष दिसलं नाही. असं नेहमी होतं का?

हो. तरी 'विशेष'ची व्याख्या थोडी खाली आणून पाहा. कमळाच्या पानांवर आठ-दहा पायांचा पक्षी दिसला तर डोळे चोळू नका. आफ्रिकी कमळपक्ष्याचा नर धोका वाटला की पिल्लांना पंखांखाली घेऊन चालू लागतो, आणि त्यांचे लांबलचक पाय दोन्ही बाजूंनी लोंबत राहतात. काठाच्या पाण्यात पाठीवर अंड्यांची फरशी बसवल्यासारखा एक चपटा किडा दिसेल. तोही नरच, मादीने त्याच्या पाठीवर अंडी चिकटवलेली असतात. फक्त त्याला उचलू नका. पाणढेकणाच्या या कुळाचा दंश भयंकर ठणकतो, आणि तो मेल्याचं सोंगही छान घेतो.

२१. चिखल काढताना हाड लागलं. कुणाला सांगायचं?

बहुतेक वेळा ते गुराचं असतं. पण ते तिथेच राहू द्या. ओढू नका, धुऊ नका, जागेची नोंद करा, फोटो काढा आणि पोलिसांना कळवा. डेन्मार्कमध्ये मे १९५० मध्ये पीट कापणाऱ्यांना एक प्रेत लागलं. गळ्यात दोरी, चेहऱ्यावर दाढीचे खुंट इतके ताजे की त्यांनी खून समजून पोलिसांना बोलावलं. तो टोलुंड मानव निघाला, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा. पीटमधल्या आम्लाने आणि हवेच्या अभावाने कातडी टिकली होती. असं काही लागलंच, तर फोन केल्यावर पोलीस येईपर्यंत ते उघडं, उन्हात ठेवू नका. तोच ओला चिखल परत त्यावर ओढून ठेवा.